ताईंचे माप कशाने घ्यावे?

गोमंतकाच्या राजकारणात 'ताई' एवढा एकच शब्द उच्चारला तर पुढे आडनाव जोडावे लागत नाही. शशिकलाताई काकोडकर यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. मुख्यमंत्रिपदावरून त्या उतरल्या त्याला तर चार दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही गोव्यात निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि उमेदवारांच्या याद्या निघू लागल्या, की स्त्रियांच्या नावांचा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नाबरोबर ताईंचे नाव येते. राजकीय पक्षांना ते सोयीचे असते. 'आमच्या गोव्याने १९७३ सालीच एका स्त्रीला मुख्यमंत्री केले,' असे एक वाक्य व्यासपीठावरून टाकले, की उरलेल्या साऱ्या जागा पुरुषांना वाटून द्यायला मंडळी मोकळी होतात. त्या वाक्यात अभिमानाचा भाग थोडा आणि आळसाचा फार आहे. ताईंनी सत्तेवर असताना काय केले, काय करताना त्या पडल्या आणि पडल्यानंतर कोठे चुकल्या, हे विचारण्याची तसदी त्यात कोणी घेत नाही.

त्यांच्याविषयीचा पहिला आक्षेप जुनाच आहे व तो सर्वांना पाठ आहे. त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या नसत्या तर मुख्यमंत्री झाल्या नसत्या, हा तो आक्षेप. यातले तथ्य नाकारण्याचे कारण नाही. १९७२ साली त्या विधानसभेत निवडून आल्या, वडिलांच्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत, १२ ऑगस्ट १९७३ रोजी, भाऊसाहेब अकस्मात गेले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने लागलीच नेतेपदाची माळ ताईंच्या गळ्यात घातली. वय अवघे अडतीस. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात पदवी आणि पुढे मुंबईला एम. ए. झालेल्या या बाईंना राज्यकारभाराचा अनुभव म्हणावा असा फारसा नव्हताच. पक्षात त्यांच्याहून वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेले पुरुष होते आणि या मुलीला पुढे करून कारभार आपणच पाहू, असा हिशेब त्यांतल्या काहींनी मनाशी केलेला असणे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. भारतात तोवर दोनच स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या होत्या. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी. दोघींच्याही पाठीशी काँग्रेससारखा देशव्यापी पक्ष उभा होता. ताईंच्या पाठीशी होता एका माणसाच्या लोकप्रियतेवर उभा राहिलेला, त्या माणसाच्या जाण्याने पोरका झालेला प्रादेशिक पक्ष. तेव्हा वारशाने खुर्ची मिळाली हे खरे, परंतु पावणेसहा वर्षे ती टिकली ती काही वारशाने नव्हे. मध्ये १९७७ ची निवडणूक झाली. भाऊसाहेबांच्या हयातीत १९७२ साली पक्षाला अठरा जागा होत्या. १९७७ साली, चार वर्षांपूर्वी नेता गमावलेल्या पक्षाला पंधरा मिळाल्या. देशात काँग्रेसविरोधी लाट, गोव्यात युनायटेड गोवन्सच्या जागी नव्याने उभी राहिलेली काँग्रेस आणि जनता पक्ष, अशा तिरंगी झुंजीत हा कौल होता आणि तो ताईंच्या नावावर मागितलेला होता.

त्याच्या आधीची दोन वर्षे आणीबाणीची. त्या काळात १९७६ च्या जानेवारीत तामिळनाडूत द्रमुकचे सरकार बरखास्त झाले, मार्चमध्ये गुजरातेतले बाबूभाई पटेलांचे सरकार गेले. गोवा, दमण व दीव हा तर केंद्रशासित प्रदेश; नायब राज्यपालांच्या एका अहवालाने येथील मंत्रिमंडळ मोडता आले असते. ते मोडले नाही. ताईंनी दिल्लीशी जुळवून घेतले म्हणून मोडले नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आमच्या मते त्या जुळवून घेण्याला नावे ठेवताना त्याच दोन वर्षांत गोव्याच्या कायदेपुस्तकात काय शिरले तेही पाहिले पाहिजे. कारण ताईंचे खरे माप तेथे आहे.

मुंडकार हा शब्द गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला कदाचित उलगडणार नाही. भाटकाराच्या माडा-पोफळीच्या भाटात, त्याच्या परवानगीने, खोपटे बांधून राहणारा तो मुंडकार. भाटाची राखण करावी, नारळ पाडावेत, वाहावेत, भाटकाराच्या घरी लग्न-मुंज निघाली की घरच्या बायकामुलांसह राबावे आणि त्याबदली डोक्यावरचे छप्पर टिकवावे, असा हा पिढीजात व्यवहार. छप्पर त्याचे, पण छपराखालची माती त्याची नव्हे. भाटकाराची मर्जी फिरली की चार पिढ्यांचे तुळशीवृंदावन मागे ठेवून चंबूगबाळे उचलावे लागे. पोर्तुगीज गेले, तिरंगा आला, मतदानाचा हक्क आला, तरी ज्याच्या अंगणात आपण राहतो त्याच्या इच्छेविरुद्ध मत देण्याची छाती कितीजणांना होणार? गोव्यातील लोकशाहीच्या मुळाशी हा प्रश्न होता. येथे भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. मुंडकारही दोन्ही धर्मांचे. जे कोणी मगो पक्षाच्या राजकारणाकडे केवळ हिंदू-ख्रिस्ती किंवा मराठी-कोकणी या चष्म्यातून पाहतात त्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

१९७५ साली ताईंच्या सरकारने मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. या कायद्याने नुसते 'राहू द्या' एवढे म्हटले नाही. आपले घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला दिला. पुढच्याच वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. भाऊसाहेबांच्या काळात, १९६४ साली, झालेल्या मूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले होते आणि खंडाला मर्यादा घातली होती. मालकी मात्र जमीनदाराकडेच राहिली होती. पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस मुक्रर केला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल त्याने ती विकत घेतली आहे असे समजावे, असा तो कायदा. वडील स्वतः खाणमालक, गर्भश्रीमंत नव्हेत पण श्रीमंत खरे. त्यांनी कुळांच्या बाजूने पहिले पाऊल टाकले आणि दुसरे पाऊल, जे अधिक जड होते, ते कन्येने टाकले. कायद्याला न्यायालयात आव्हान मिळाले, अंमलबजावणी रखडली आणि १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला तेव्हा कोठे त्याचा पाया पक्का झाला. तोवर ताई सत्तेतून जाऊन पाच वर्षे झाली होती. कुळांना मालकीचे दाखले मिळाले ते दुसऱ्यांच्या राजवटीत, दुसऱ्यांच्या सह्यांनी. राजकारणात असे पुष्कळदा घडते. पेरणारा एक, मळणीला भलताच.

हे कायदे निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. खाजन शेतीचेच उदाहरण घ्या. खाऱ्या पाण्याला अडविणारे बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या मानशी यांची निगा शतकानुशतके गावकऱ्या आणि जमीनमालक राखीत. मालकाचा जमिनीतला जीव गेल्यावर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. कागदावर ही व्यवस्था चोख होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मानशीवरच्या मासळीच्या लिलावाचा पैसा बांधाच्या दगडमातीपेक्षा प्रिय झाला. भातापेक्षा मासळी परवडते म्हटल्यावर खारे पाणी शेतात मुद्दाम राहू देण्यापर्यंत मजल गेली. जो कसेल त्याची जमीन, हे ठीक. पण जो कसायचाच थांबला त्याची जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर १९७६ च्या कायद्यात नव्हते. पुढे १९९१ साली निराळा कायदा करून कुळांकडे आलेली शेतजमीन शेतीशिवाय अन्य कामासाठी वापरण्यास बंदी करावी लागली, यातच काय ते आले. आणि मुंडकारांचे म्हणाल तर कितीएक प्रकरणे आजही मामलेदारांच्या दारात तारखांवर तारखा झेलीत आहेत. अर्जदार आजोबा वारले, वडील थकले, आता नातू फायल काखेत मारून खेपा घालतो. कायदा करणाऱ्या सरकारला सहा महिन्यांत जे जमले ते राबविणाऱ्या सरकारांना पन्नास वर्षांत पुरे जमू नये, याचा दोष मात्र ताईंच्या माथी मारता येत नाही. २०१४ साली कुळांचे खटले मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे सोपविण्याची दुरुस्ती झाली, तिच्याविरुद्ध काहूर उठले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. गावोगावच्या कुळांच्या बैठकांत तेव्हा कोणाची आठवण निघत होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

इतर कामांचा उल्लेख ओझरताच पुरे. कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे कला अकादमीची वास्तू उभी राहू लागली ती याच वर्षांत. ती वास्तू पन्नाशीला आली असताना, नूतनीकरणाचा मोठा खर्च चालू असतानाच, २०२३ च्या जुलैत तिच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. बांधणाऱ्यांच्या आणि डागडुजी करणाऱ्यांच्या पिढीतला फरक मोजायला एवढे पुरे आहे.

आता १९७९. तीस जणांच्या सभागृहात पंधरा म्हणजे नेमके अर्धे. सभापतीची खुर्ची भरली की बहुमताचा काटा हलू लागणार हे शाळकरी पोरालाही कळावे. ताईंना ते कळत नव्हते असे नाही, परंतु माणसे धरून ठेवण्याची भाऊसाहेबांची हातोटी त्यांच्यापाशी नव्हती. भाऊसाहेबांच्या वेळीही १९७० साली पक्षात बंड झाले होते. ते त्यांनी मोडून काढले आणि बंडखोरांना नंतर मतदारांनीच घरी बसविले. ताईंचा स्वभाव मितभाषी, काहीसा ताठ. फायलीवरचा शेरा त्या स्पष्ट लिहीत असतील, पण रुसलेल्या आमदाराच्या पडवीत जाऊन चहा घेणे हे निराळे शास्त्र आहे. एप्रिल १९७९ च्या अधिवेशनात पक्षाच्या तिघा आमदारांनी साथ सोडली, अर्थसंकल्पी मागण्यांवर सरकार अडचणीत आले आणि २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागू झाली. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता; तो १९८५ साली आला. तो आल्यानंतर गोव्यात पक्षांतरे थांबली काय? तिघांनी फुटायचे ते दोन-तृतीयांशांनी फुटू लागले, एवढाच फरक. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आणि २०२२ च्या सप्टेंबरात आठ आमदार एका रात्रीत सत्ताधारी पक्षात गेले तेव्हा त्याला पक्षांतर म्हणायचे नाही, विलीनीकरण म्हणायचे, असा नवा शब्दकोश आपल्याला शिकविण्यात आला. विलीनीकरण हा शब्द गोव्यात एके काळी केवढ्या मोठ्या प्रश्नासाठी वापरला जात असे! १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात एक लाख अडतीस हजार गोमंतकीयांनी त्या शब्दाच्या बाजूने आणि एक लाख बहात्तर हजारांनी त्याच्या विरुद्ध मत दिले होते. आज तो शब्द आमदारांच्या घाऊक खरेदी-विक्रीचे सभ्य नाव होऊन बसला आहे.

आणि येथेच ताईंच्या कारकिर्दीतील सर्वांत दुबळ्या प्रकरणाकडे यावे लागते. १९८० च्या जानेवारीत निवडणूक झाली. मगो पक्ष सात जागांवर आला आणि सतरा वर्षांत प्रथमच विरोधी बाकांवर बसला. विरोधी बाकांवर बसून पक्ष पुन्हा बांधावा, वाडीवस्तीवर फिरावे, हा मार्ग लांबचा पण सरळ होता. ताईंनी दुसराच धरला. थोड्याच काळात त्या आपल्या बहुतेक सहकाऱ्यांसह इंदिरा काँग्रेसमध्ये गेल्या. रमाकांत खलप आणि मोजकी माणसे मागे राहिली म्हणून सिंहाची निशाणी मतपत्रिकेवरून पुसली गेली नाही. भाटकाराच्या दारातून मान ताठ करून बाहेर पडलेल्या मुंडकाराने ज्या झेंड्याखाली आसरा घेतला होता तो झेंडा भाऊसाहेबांच्या कन्येनेच गुंडाळायला घ्यावा, हे अनेकांना सोसवले नाही. काँग्रेसमध्येही त्यांचे बस्तान बसले नाही. १९८४ च्या निवडणुकीला त्या वडिलांच्या नावाचा स्वतंत्र पक्ष, भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष, घेऊन उतरल्या आणि मतदारांनी तो पक्ष नाकारला, तर मागे राहिलेल्या मगोला आठ जागा दिल्या. लोकांना भाऊसाहेबांचे नाव हवे होते, पण त्याच्याबरोबर सिंहही हवा होता. ताई पुढे मगो पक्षात परतल्या. डिचोली तालुक्याने त्यांना पुन्हा विधानसभेत पाठविले. मुख्यमंत्रिपदाच्या जवळपास मात्र त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. २०१९ साली मगोच्या तिघांपैकी दोघे आमदार रातोरात भाजपमध्ये विलीन झाले तेव्हा या पक्षाच्या निष्ठावंतांनी मोठा आक्रोश केला. तो रास्त होता, पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल कोणाचे, हेही त्यांनी स्मरले असते तर बरे झाले असते.

एवढ्या पडझडीनंतर एखादा राजकारणी आठवणींपुरता उरतो. ताईंचे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण १९९० सालच्या आठ महिन्यांत आहे. त्या वर्षी मार्चमध्ये काँग्रेस फुटली, आधी चर्चिल आलेमाव आणि मग लुईस प्रोतो बार्बोझा यांच्या नेतृत्वाखाली मगोच्या साह्याने आघाडी सरकार आले. त्या तोळामासा प्रकृतीच्या सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान हवे असेल तर शिक्षण प्रादेशिक भाषेतून, म्हणजे मराठीतून किंवा कोकणीतून, दिले पाहिजे, असा निर्णय त्यांनी घेतला. इंग्रजी माध्यम ठेवायचे त्यांनी खुशाल ठेवावे, पण सरकारी तिजोरीतून नव्हे.

राजभाषा कायदा होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या त्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सर्व शासकीय कामांसाठी वापरण्याची मुभा तेवढी मिळाली. मराठीला राजभाषेचे पूर्ण स्थान हवे, यासाठी झगडणाऱ्यांत ताई अग्रभागी होत्या. कोकणीवादी त्यांना कोकणीच्या वैरीण मानीत. त्या ताईंच्या एका आदेशाचा परिणाम काय झाला? पाद्रींच्या धर्मप्रांतीय संस्थेच्या प्राथमिक शाळा, ज्या तोवर इंग्रजीतून चालत होत्या, त्या बहुसंख्येने कोकणीकडे वळल्या, आणि तीही देवनागरी लिपीतून. सासष्टीतल्या मुलांनी आपल्या आईची भाषा शाळेच्या फळ्यावर पाहिली ती या मराठीवादी शिक्षणमंत्र्यांमुळे. कोकणीच्या चळवळीला कायद्याने जे दिले नव्हते, ते वर्गातले विद्यार्थी, एका अनुदानाच्या अटीने दिले. भाषावादाच्या गदारोळात या गोष्टीची पोच कोकणी पक्षाने मोकळ्या मनाने क्वचितच दिली. आणि खरे सांगायचे तर मराठी पक्षानेही ती अडचणीची म्हणून झाकूनच ठेवली. आम्हांला ती ताईंच्या आयुष्यातली सर्वांत मोठी राजकीय कृती वाटते. आपल्या बाजूच्या टाळ्या मिळाव्यात म्हणून ती केलेली नव्हती.

म्हणूनच २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान खुले केले तेव्हा जे घडले ते आश्चर्याचे वाटू नये. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, मराठी आणि कोकणीचे हाडवैरी एका व्यासपीठावर आले आणि त्या मंचाच्या नेतृत्वस्थानी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ताई होत्या. ज्यांनी पंचवीस वर्षे एकमेकांविरुद्ध मोर्चे काढले त्यांना एकत्र बसवायला वय आणि अधिकार दोन्ही लागतात. या आंदोलनाच्या बळावर २०१२ साली सत्तापालट झाला. मनोहर पर्रीकरांच्या भाजपने विरोधात असताना मातृभाषेच्या बाजूने रान उठविले होते; सत्तेवर आल्यावर धर्मप्रांतीय इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच ठेवले. मते मोजून झाली होती. ताईंनी याही फसवणुकीनंतर आपली भूमिका सोडली नाही, आणि २०१६ साली त्या गेल्या तेव्हा हा वाद पुन्हा पेटून सत्ताधाऱ्यांच्या स्वतःच्या परिवारात दुफळी माजली होती.

आज गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळांना पटाअभावी टाळे लागत आहे. भाऊसाहेबांनी वाड्यावाड्यांवर काढलेल्या त्या शाळा. त्यांत शिकून वर आलेला बहुजन समाज आपली नातवंडे इंग्रजीत घालतो आहे, हे कटू आहे पण खरे आहे. आणि त्यात घालणारा प्रत्येकजण भाषाद्रोही आहे असे म्हणण्याचे धाडस आमच्यात नाही. बापाला नोकरीची भाषा कोणती ते दिसते. ताईंचा १९९० चा आदेश पालकाच्या निवडीवर घाला होता, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा एवढ्यापुरता विचारात घेण्याजोगा आहे. मात्र निवड म्हणजे काय? मराठी शाळेत शिक्षक एक, वर्ग चार, आणि इंग्रजी शाळेला बालरथ, बांधीव मैदान व पक्की इमारत. तराजूचे एक पारडे असे आधीच खाली दाबून ठेवायचे आणि मग पालकाला 'निवडा' म्हणायचे, याला निवड म्हणत नाहीत.

राहता राहिला स्त्रियांचा प्रश्न. ताईंनंतर गोव्यात एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. २०१७ च्या विधानसभेत चाळिसांपैकी दोन स्त्रिया निवडून आल्या, २०२२ साली तीन. त्या तिघींचेही पती सत्तेच्या राजकारणातले, आणि त्या घरांत आमदारकी नवऱ्याबायकोंत वाटून घेतलेली. ज्या वारशाबद्दल ताईंना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले तो वारसा आता उमेदवारीची पहिली पात्रता होऊन बसला आहे आणि त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. २०२३ साली संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती करून लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून टाकली. चाळिसांत तेरा-चौदा स्त्रिया. त्या कोठून येणार, याचा शोध आपल्या पक्षांनी कितपत घेतला आहे? पंचायतींत आणि नगरपालिकांत आरक्षणाने निवडून आलेल्या, ग्रामसभेत भूखंडवाल्यांशी भांडलेल्या, बुडत्या खाजनाच्या बांधावर उभ्या राहून अधिकाऱ्यांना जाब विचारलेल्या स्त्रिया गोव्यात आहेत. त्या कोणाच्या कन्या किंवा कोणाच्या सौभाग्यवती नाहीत, एवढीच त्यांची अडचण आहे.